पसारा आणि टापटीप : स्वतःची कोडिंगची शैली ओळखण्याची आणि आवरण्याची पद्धत

एकच काम करणारे दोन प्रोग्रॅम दोन माणसांनी लिहिले, तर ते सहसा एकसारखे दिसत नाहीत. एकाच्या फाइलमध्ये नावे पूर्ण असतात, फंक्शने आटोपशीर असतात आणि कमेंट मोजक्या असतात. दुसऱ्याकडे ‘टेम्प’, ‘टेम्प२’, ‘फायनल_नवीन’ अशी नावे, मधेच कमेंट करून ठेवलेल्या जुन्या ओळी आणि दीडशे ओळींचे एकच फंक्शन असते, जे काम मात्र चोख करते. पहिल्याला टापटिपीचा आणि दुसऱ्याला पसारेवाला म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात हा फरक स्वभावाचा कमी आणि वेळेचा जास्त असतो. विचार चालू असताना पसारा सर्वांचाच होतो. तो कोणत्या थरावर झाला आहे आणि कोड दुसऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी तो कधी आवरायचा, हे काहींनी ठरवून ठेवलेले असते आणि काहींनी नसते. पुढच्या पायऱ्या हे ठरवण्यासाठी आहेत.

त्याआधी शैली किती खोल मुरलेली असते याची कल्पना असावी. २०१५ साली युझनिक्स या संगणक क्षेत्रातील संघटनेच्या सुरक्षा परिषदेत मांडलेल्या एका संशोधनात, गूगल कोड जॅम स्पर्धेतील उत्तरे घेऊन १,६०० प्रोग्रॅमरांपैकी कोणता कोड कोणाचा हे सुमारे ९४ टक्के अचूकतेने ओळखता आले. त्यासाठी मोकळ्या जागा आणि नावे तर पाहिली होतीच, पण कोडच्या वाक्यरचनेचा जो वृक्ष कंपायलर तयार करतो त्यातील वैशिष्ट्येही घेतली होती, आणि कोड मुद्दाम दुर्बोध करणारी साधने वापरली तरी ही रचनेतली ओळख बऱ्याच अंशी टिकून राहत होती. म्हणजे स्पेस आणि कंस सारखे केल्याने शैली बदलत नाही. ती खाली, अटी कशा मांडल्या आणि काम कसे वाटले यात असते. आवराआवरीची सुरुवातही म्हणूनच थर ओळखण्यापासून करावी लागते.

पहिली पायरी : आपला पसारा कोणत्या थरावर आहे ते पाहावे

कोडमधला अव्यवस्थितपणा तीन थरांवर असतो. सर्वांत वर दिसण्याचा थर : इंडेंटेशन (ओळी आत सरकवून लिहिणे), ओळींची लांबी, कंसांची जागा, रिकाम्या ओळी. त्याखाली नावांचा थर. तळाशी रचनेचा थर : कोणते काम कोणत्या फंक्शनमध्ये आहे, कोणती माहिती कोण बदलू शकते, आणि एक निर्णय बदलायचा झाला तर किती ठिकाणी हात घालावा लागतो. टीममधले वाद बहुतेक पहिल्या थरावरून होतात, कारण तो लांबूनही दिसतो. वेळ मात्र जातो तो तिसऱ्या थरामुळे.

वरून विस्कटलेला पण आतून नीट विचार केलेला कोड अर्ध्या तासात सुधारता येतो. याच्या उलट, वरून कीर्तन आणि आतून तमाशा असा कोड सर्वांत धोक्याचा, कारण सुबक मांडणी पाहून रिव्ह्यू करणारा, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासणारा, निर्धास्त होतो. अलीकडे एआय साधनांनी लिहिलेला कोड या बाबतीत विशेष सांभाळून वाचावा लागतो. त्याचे इंडेंटेशन निर्दोष असते, कमेंटही असतात, त्यामुळे पूर्वी टापटीप दिसली की लिहिणाऱ्याने विचार केला असावा असा जो अंदाज बांधता येत असे, तो आता बांधता येत नाही.

तपासणीसाठी आपण स्वतः लिहिलेली आणि साधारण सहा महिने हात न लावलेली दोनशे-तीनशे ओळींची एक फाइल घ्यावी. ती सर्वांत अभिमानाची किंवा सर्वांत लाजिरवाणी नसावी, रोजच्या कामातली असावी. प्रोग्रॅम न चालवता आणि एडिटरचा शोध न वापरता ती वरून खाली वाचावी, आणि जिथे डोळा अडखळेल तिथे समासात एक अक्षर लिहावे : दिसण्यामुळे अडखळलो तर ‘दि’, नावामुळे अडखळलो तर ‘ना’, आणि पुढचे समजण्यासाठी दुसरीकडे जाऊन पाहावेसे वाटले तर ‘र’. शेवटी ज्या अक्षराच्या खुणा जास्त असतील तिथे आपली शैली दुबळी आहे असे समजावे. स्वतःला पसारेवाला समजणाऱ्या अनेकांच्या फाइलीत ‘र’ अगदी थोडे निघतात आणि ‘ना’ मात्र पानोपानी. टापटिपीच्या माणसांचे बरेचदा उलट असते.

दुसरी तपासणी इतिहासाची. गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या लॉगमधले अलीकडचे तीसेक कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, चाळावेत आणि कोणत्या फाइली नेहमी जोडीने बदलतात ते पाहावे. ज्या दोन फाइलींचा नावावरून एकमेकींशी काही संबंध वाटत नाही, पण एक बदलली की दुसरी बदलावीच लागते, तिथे एकच निर्णय दोन जागी विभागला गेला आहे. ही गोष्ट कोड वाचून लक्षात येत नाही, कारण प्रत्येक फाइल सुटी पाहिली तर स्वच्छच दिसते.

दुसरी पायरी : दिसण्याचा थर यंत्राच्या हवाली करावा

ओळ किती लांब असावी यावर सुजाण माणसांचे एकमत झालेले नाही आणि होण्याची गरजही नाही. पायथॉनची पेप ८ ही २००१ सालची नियमावली ७९ अक्षरे सांगते. ब्लॅक हा पायथॉनचा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप करणारे साधन, ८८ धरतो. जावास्क्रिप्टमधला प्रेटियर ८० धरतो. लिनक्स कर्नलमध्ये ८० हा पसंतीचा आकडा असला तरी पॅच (सुचवलेले बदल) तपासणारी स्क्रिप्ट २०२० पासून १०० अक्षरांपर्यंत तक्रार करत नाही. ८० या आकड्याचे मूळ आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० रकान्यांच्या पंचकार्डात आहे. यातला कोणताही आकडा चालतो. फक्त तो रोज नव्याने चर्चेला येऊ नये. गो भाषेने हा प्रश्न ‘गोफम्ट’ हे साधन भाषेसोबतच देऊन निकालात काढला. त्या साधनाची शैली कोणाचीच आवडती नाही, पण साधन मात्र सर्वांचे आवडते आहे, असे गोच्या निर्मात्यांपैकी एक रॉब पाइक यांनी म्हटले आहे आणि त्यात तथ्य आहे.

फॉरमॅटर बसवताना क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम साधन आणि त्याची आवृत्ती निश्चित करून सेटिंगची फाइल रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) ठेवावी, म्हणजे दोन संगणकांवर दोन निकाल येणार नाहीत. उघड्या असलेल्या ब्रांच (कोडच्या समांतर चालू शाखा) शक्य तितक्या मर्ज करून, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळून, घ्याव्यात. मग संपूर्ण कोडवर फॉरमॅटर एकदाच चालवून त्याचा स्वतंत्र कमिट करावा आणि त्या कमिटमध्ये तर्काचा एकही बदल येऊ देऊ नये. हजारो ओळींच्या त्या डिफमध्ये (बदलांच्या यादीत) दडलेला एका ओळीचा खरा बदल कोणालाही दिसणार नाही. या कमिटमुळे गिट ब्लेममध्ये, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या सोयीत, प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचेच नाव दिसू लागते, ही अडचण खरी आहे. पण २०१९ साली आलेल्या गिट २.२३ पासून ब्लेमने कोणते कमिट वगळावेत याची यादी एका फाइलमध्ये देता येते, तिथे या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) नोंदवावा. शेवटी एडिटरमध्ये फाइल सेव्ह होताच फॉरमॅट होण्याची सोय करावी आणि मर्ज होण्यापूर्वीच्या आपोआप तपासणीत ही अट घालावी. यानंतर स्पेसविषयी कोणीही कोणाला काही सांगू नये.

हा थर वरवरचा असला तरी त्याला कमी लेखू नये. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये सापडलेला प्रसिद्ध दोष एका ओळीचा होता. ‘गोटू फेल’ ही ओळ एका ‘इफ’खाली दोनदा आली होती. त्या ‘इफ’ला महिरपी कंस नव्हते, त्यामुळे पहिली ओळ अटीखाली होती आणि दुसरी अटीबाहेर, ती प्रत्येक वेळी चालत होती आणि पुढची सहीची पडताळणी टळत होती. इंडेंटेशन मात्र दोन्ही ओळींचे सारखे होते, म्हणून वाचणाऱ्याला दोन्ही अटीखालीच वाटत. फॉरमॅटरने ही दुसरी ओळ डावीकडे सरकवली असती आणि ती डोळ्यांत भरली असती. पुढे २०१६ साली जीसीसी ६ या कंपायलरमध्ये अशा फसव्या इंडेंटेशनबद्दल इशारा देण्याची सोय आली. फॉरमॅटरबरोबर लिंटर (संशयास्पद कोड दाखवणारे साधन) आणि कंपायलरचे इशारेही चालू ठेवावेत ते यासाठी.

तिसरी पायरी : नावे

नावाची लांबी ते किती दूरवर वापरले जाते यावरून ठरवावी. तीन ओळींच्या लूपमधला ‘आय’ चालतो. त्याला ‘चालू_ओळीचा_क्रमांक’ म्हणणे वाचकावर ओझे आहे. तेच नाव चाळीस ओळींनंतर पुन्हा भेटणार असेल, तर एक अक्षर पुरत नाही. ‘टाइमआउट’ असे नुसते लिहू नये, ‘टाइमआउट_सेकंद’ किंवा ‘टाइमआउट_मिलिसेकंद’ लिहावे, कारण एककाची चूक कंपायलर पकडत नाही. होय-नाही स्वरूपाच्या व्हेरिएबलला नकारार्थी नाव देऊ नये. ‘बंद_नाही’ याच्या आधी आणखी एक नकार आला की वाचणारा थबकतो आणि बहुतेकदा चुकतो.

सर्वांत महाग पडते ती एकाच गोष्टीची अनेक नावे. एकीकडे ‘युझर’, दुसरीकडे ‘कस्टमर’, डेटाबेसमध्ये ‘अकाउंट’, आणि तिन्ही एकच आहेत की नाहीत हे फक्त जुन्या माणसाला ठाऊक. यावर उपाय म्हणून प्रकल्पात एक पानभर शब्दसूची ठेवावी : कोणत्या गोष्टीला कोणते नाव, आणि कोणते नाव वापरायचे नाही. ती दहा-पंधरा शब्दांचीच असावी. मोठी सूची कोणी वाचत नाही.

नाव बदलताना एडिटरमधली नाव बदलण्याची सोय वापरावी, सरसकट शोधा-आणि-बदला करू नये. तरीही स्ट्रिंगमध्ये लिहिलेली नावे, डेटाबेसचे कॉलम आणि एपीआयमधून बाहेर जाणाऱ्या जेसन माहितीतली नावे ही या सोयीच्या कक्षेबाहेर राहतात. बाहेरच्या कोणी वापरलेले नाव असेल, तर ते कितीही वाईट असले तरी आत नवे नाव द्यावे आणि सीमेवर जुने तसेच ठेवावे.

चौथी पायरी : रचना

येथे एक लहान नमुना जवळून पाहणे बरे. ऑर्डरची देय रक्कम काढणारे पुढचे फंक्शन सूडोकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही एका भाषेत नसलेल्या नमुना कोडमध्ये, लिहिले आहे.

    फंक्शन हिशोब(डी, फ्लॅग)
        जर डी.वस्तू रिकाम्या नाहीत
            जर डी.कुपन आहे
                जर डी.कुपन.मुदत >= आज
                    ट = डी.एकूण * ०.९
                    जर फ्लॅग
                        डेटाबेसमध्ये ट लिही
                    परत दे ट
                नाहीतर
                    परत दे -१
            नाहीतर
                परत दे डी.एकूण
        नाहीतर
            परत दे ०

हे चालते. इंडेंटेशन बिनचूक आहे, त्यामुळे फॉरमॅटर यात काहीही करणार नाही. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडलेल्या गुंतागुंतीच्या मोजमापाने (‘जर’सारख्या फाट्यांची संख्या अधिक एक) याचा आकडा ५ येतो आणि त्यांनी सुचवलेली मर्यादा १० होती, म्हणजे लिंटरही गप्प बसेल. तरीही वाचताना कोणते ‘नाहीतर’ कोणत्या ‘जर’चे हे बोटाने मोजावे लागते, कारण अटी एकीच्या पोटात एक अशा चार पातळ्या आहेत. लिनक्स कर्नलची नियमावली तीन पातळ्यांपलीकडे गेलात तर प्रोग्रॅमच दुरुस्त करा असे बजावते, ते या त्रासामुळेच. आकड्यांवर विसंबू नये, पण त्यांपैकी एकच पाहायचा असेल तर पातळ्यांचा पाहावा, असे माझे मत आहे.

आता यातले दोष एकेक करून पाहावेत. पातळ्या हा सर्वांत सौम्य दोष. त्याहून वाईट म्हणजे ‘-१’ हे उत्तर : फंक्शनला हाक मारणाऱ्या कोडने ते तपासले नाही तर ते एकूण बेरजेत निमूटपणे मिसळून जाईल आणि महिन्याच्या हिशेबात कुठेतरी एकाची तफावत येत राहील. ‘फ्लॅग’ हा तिसरा दोष : त्याच्यामुळे रक्कम काढणे आणि रक्कम नोंदवणे ही दोन कामे एका फंक्शनमध्ये आली आहेत, आणि नावावरून यातले काहीही कळत नाही. ‘आज’ आतूनच घेतले असल्याने मुदत संपलेल्या कुपनची टेस्ट लिहायची तर संगणकाचे घड्याळ बदलावे लागेल. आणि ०.९ म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आवरल्यावर ते असे दिसेल.

    फंक्शन देय_रक्कम(ऑर्डर, आज)
        जर ऑर्डर.वस्तू रिकाम्या आहेत
            परत दे ०
        जर ऑर्डर.कुपन नाही
            परत दे ऑर्डर.एकूण
        जर ऑर्डर.कुपन.मुदत < आज
            त्रुटी दे "कुपनची मुदत संपली"
        परत दे ऑर्डर.एकूण * (१ - कुपन_सूट)

(पैशांचा हिशेब साध्या फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजे साठवल्या जाणाऱ्या दशांश संख्येत, करू नये, पण तो वेगळा विषय आहे.)

या दोन रूपांमधला प्रवास एका झेपेत करू नये. पहिल्या कमिटमध्ये फक्त अटी उलट्या करून लवकर बाहेर पडण्याची रचना करावी. वागणूक तीच राहते. दुसऱ्यात डेटाबेसचे लेखन वेगळ्या फंक्शनमध्ये न्यावे आणि जिथे जिथे ‘फ्लॅग’ खरा पाठवला जात होता तिथे त्या फंक्शनला हाक मारावी. मुदत संपल्यावर किंवा कुपन नसताना पूर्वी नोंद होत नव्हती, ती आताही होऊ नये याची येथे काळजी घ्यावी लागते. तिसऱ्यात ‘आज’ बाहेरून घ्यावे. चौथ्यात नावे. ‘-१’च्या जागी त्रुटी देणे मात्र अगदी शेवटी आणि स्वतंत्रपणे करावे, कारण हा एकच बदल वागणूक बदलणारा आहे आणि तो करण्यापूर्वी हाक मारणारे प्रत्येक ठिकाण पाहावे लागते. कामाची ही विभागणी कंटाळवाणी वाटते. पण उद्या काही बिघडले तर नेमका कोणता कमिट मागे घ्यायचा हे तिच्यामुळेच कळते.

टापटिपीचा अतिरेक

पसाऱ्यावर सगळेच बोलतात, अतिरेकी टापटिपीवर क्वचितच कोणी बोलते. म्हणून येथे थोडे थांबावेसे वाटते. टापटिपीच्या माणसाला दोन जागी सारखा दिसणारा कोड सहन होत नाही. तो लगेच दोन्ही ओढून एक सामायिक फंक्शन करतो. तीन महिन्यांनी एका जागेची गरज बदलते, मग त्या फंक्शनला एक पॅरामीटर वाढतो, नंतर दुसरा, आणि शेवटी आत ‘हा प्रकार असेल तर हे, तो असेल तर ते’ असा गुंता होतो, जो मूळच्या दोन सुट्या तुकड्यांपेक्षा वाईट असतो. दोन तुकडे सारखे दिसतात यापेक्षा ते एकाच कारणाने बदलणार आहेत का, हा प्रश्न विचारावा. उत्तर ठाऊक नसेल तर दोनदा लिहू द्यावे आणि तिसऱ्यांदा गरज पडली की मग एकत्र करावे. तोवर कोणता भाग खरोखर सामायिक आहे ते पुरेसे स्पष्ट झालेले असते.

दुसरी लक्षणे म्हणजे दोन-दोन ओळींची डझनभर फंक्शने, एकाच ठिकाणी वापरलेले इंटरफेस आणि प्रत्येक क्लासला स्वतंत्र फाइल व फोल्डर. नाकापेक्षा मोती जड होतो. याची परीक्षा सोपी आहे : ‘कुपनची सूट कुठे ठरते?’ असा एक साधा प्रश्न घ्यावा, प्रकल्प नवा असलेल्या सहकाऱ्याला उत्तर शोधायला सांगावे आणि तो किती फाइली उघडतो हे शेजारी बसून पाहावे, मध्ये बोलू नये. पसाऱ्याच्या कोडमध्ये तो एकाच फाइलीत हरवतो, अतिटापटिपीच्या कोडमध्ये सहा फाइलींतून फिरून पुन्हा पहिलीवर येतो. दोन्हींमध्ये वाया गेलेला वेळ सारखाच.

पाचवी पायरी : पसाऱ्याला जागा आणि मुदत द्यावी

उत्तर माहीत नसताना नीटनेटका कोड लिहिण्याचा हट्ट धरू नये. शोधाशोधीच्या काळात हार्डकोड केलेले आकडे, जागोजाग प्रिंट, कॉपी-पेस्ट हे सर्व चालते, कारण त्यातला बहुतेक कोड टिकणारच नसतो. फक्त हे काम वेगळ्या ब्रांचवर किंवा गिटने दुर्लक्षित केलेल्या एका फोल्डरमध्ये चालावे. तात्पुरत्या प्रिंटच्या सुरुवातीला एक ठरावीक चिन्ह लावण्याची सवय ठेवावी, म्हणजे शेवटी ते एका शोधात सापडतात आणि मर्ज होण्यापूर्वीच्या तपासणीत ते चिन्ह आढळले तर मर्ज अडवण्याचा नियमही करता येतो.

उत्तर सापडले की दोन मार्ग असतात. लहान काम असेल तर पसारा बाजूला ठेवून स्वच्छ ब्रांचवर पुन्हा लिहावे. दुसऱ्यांदा लिहायला पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो, कारण विचार झालेला असतो. मोठे काम असेल तर ‘गिट ॲड’ला तुकड्या-तुकड्याने निवड करू देणारा पी हा पर्याय लावून प्रत्येक बदल पुन्हा डोळ्यांखालून घालावा आणि एकेक हेतूचा एकेक कमिट करावा. कोड एका जागेवरून दुसरीकडे हलवणे आणि त्यात बदल करणे ही दोन कामे एका कमिटमध्ये कधीही करू नयेत. पसारेवाल्यांसाठी हा एकच टप्पा नीट सांभाळला तरी पुरे. त्याआधी टेबलावर काय चालले होते याच्याशी कोणाला देणेघेणे नसते.

कमेंट करून ठेवलेला जुना कोड या वेळी काढून टाकावा. तो गिटच्या इतिहासात आहेच. राहिलेल्या कमेंटींपैकी कोड काय करतो हे सांगणाऱ्या बहुतेक काढता येतात. तो असा का आहे, कोणता सोपा मार्ग करून पाहिला आणि का सोडला, हे सांगणाऱ्या ठेवाव्यात.

सहावी पायरी : टेस्ट नसलेला जुना कोड

आपल्या किंवा दुसऱ्याच्या जुन्या, टेस्ट नसलेल्या पसाऱ्याला हात घालण्यापूर्वी त्याची आजची वागणूक पकडून ठेवावी. खऱ्या वापरातले शक्य तितके निरनिराळे इनपुट घ्यावेत, त्यात रिकामे, अवाढव्य आणि चुकीचे इनपुटही असावेत, प्रत्येकाचे आउटपुट फाइलमध्ये साठवावे आणि प्रत्येक बदलानंतर नवे आउटपुट त्याच्याशी ताडून पाहावे. येथे आउटपुट बरोबर आहे की नाही हा प्रश्न नसतो. जुन्या कोडमधली एखादी चूक आज कोणीतरी गृहीत धरून बसलेले असू शकते, म्हणून आधी ती चूकही जशीच्या तशी जपावी आणि नंतर, ठरवून, स्वतंत्रपणे दुरुस्त करावी. वेळ आणि यादृच्छिक आकडे आउटपुटमध्ये येत असतील तर ते आधी बाहेरून देण्याची सोय करावी लागते, नाहीतर प्रत्येक तुलनेत फरक दिसतो.

न वापरला जाणारा कोड मात्र या आवराआवरीत सर्वांत आधी जायला हवा. जुलै २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीत आठ सर्व्हरवर नवा कोड चढवताना एक सर्व्हर राहून गेला. नव्या कोडसाठी एक जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता आणि त्या एका सर्व्हरवर तोच फ्लॅग ‘पॉवर पेग’ नावाच्या, अनेक वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या पण न काढलेल्या कोडला जागे करत होता. १ ऑगस्ट रोजी सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. डिप्लॉयमधली, म्हणजे कोड चढवण्यातली, चूक तर होतीच. पण मेलेला कोड आणि पुनर्वापर केलेला फ्लॅग नसता, तर त्या सर्व्हरवर नवे काम न होणे एवढ्यावरच भागले असते. फ्लॅगचे नाव निवृत्त झाले की ते पुन्हा कोणत्याही कामासाठी वापरू नये.

सातवी पायरी : टीममध्ये

रिव्ह्यूमध्ये शैलीविषयी टिप्पणी लिहिण्यापूर्वी तिला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. हे यंत्राला सांगता येईल का? येत असेल तर लिंटरचा नियम करावा आणि टिप्पणी लिहू नये. हा टीमचा लिखित नियम आहे का? असेल तर त्याचा दुवा द्यावा, वाद घालू नये. दोन्ही नसेल, तर ती आपली आवड आहे. ती सांगायचीच असेल तर ‘ऐच्छिक’ असे लिहून सांगावी आणि लिहिणाऱ्याने ती मानली नाही तरी मर्ज अडवू नये. असे केले की उरलेल्या टिप्पण्या रचनेवरच येतात, आणि रिव्ह्यूचा खरा उपयोग तिथेच असतो.

दुसऱ्याच्या फाइलीत काम करताना तिथली शैली पाळावी, आपली नेऊ नये. खुद्द पेप ८ सांगते की नियमावलीशी सुसंगती महत्त्वाची, प्रकल्पातली सुसंगती त्याहून महत्त्वाची आणि एका मोड्यूल किंवा फंक्शनमधली सर्वांत महत्त्वाची. एका बगच्या निमित्ताने शेजारची तीस नावे सुधारण्याचा मोह टापटिपीच्या माणसाला फार होतो. ती सुधारणा जरूर करावी, पण स्वतंत्र पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मर्ज करण्याच्या विनंतीत), नाहीतर रिव्ह्यू करणाऱ्याला बगची दुरुस्ती शोधत बसावे लागते.

पसारेवाला आणि टापटिपीचा यांची जोडी जमवायची असेल, तर पहिला मसुदा पहिल्याने आणि आवरण्याचे काम दुसऱ्याने करावे ही वाटणी वरकरणी सोयीची वाटते, पण ती टाळावी. एकजण कायमचा सफाई कामगार होतो आणि दुसरा काही शिकत नाही. आवरण्याचे काम ज्याने लिहिले त्यानेच करावे, दुसऱ्याने शेजारी बसून कुठे अडखळलो एवढेच सांगावे.

काय आवरू नये

आवरण्याजोगा कोड नेहमीच उपलब्ध वेळेपेक्षा जास्त असतो, म्हणून निवड करावी लागते. जी फाइल वाचायला अवघड आहे आणि वरचेवर बदलते, ती आधी घ्यावी. कोणती फाइल किती वेळा बदलली हे गिटच्या इतिहासातून मोजता येते. कितीही विद्रूप असली तरी वर्षानुवर्षे न बदललेली आणि बिनतक्रार चालणारी फाइल तशीच राहू द्यावी. तिला हात लावणे म्हणजे खाजवून खरूज काढणे. पुढच्या आवृत्तीत काढून टाकायचा कोड, एकदाच चालवायची डेटा हलवण्याची स्क्रिप्ट आणि प्रयोगापुरते लिहिलेले तुकडे यांवरही वेळ घालवू नये. मात्र एकदाच चालवायची म्हणून लिहिलेली स्क्रिप्ट तिसऱ्यांदा चालवायची वेळ आली, की तिला या सवलतीतून बाहेर काढावे.

शेवटचा प्रकार सहज नजरेतून सुटतो. एखादी गणिती पद्धत प्रसिद्ध शोधनिबंधातून उतरवलेली असेल, तर तिच्यातली एकाक्षरी नावे बदलू नयेत, कारण सूत्राशी पडताळणी करताना तीच नावे समोर असावी लागतात. बाहेरच्या प्रकल्पातून जशाच्या तशा आणलेल्या फाइलीही फॉरमॅट करू नयेत. मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की दोन्हींची तुलना करावी लागते आणि फॉरमॅटरने हलवलेल्या ओळींत खरे बदल दिसेनासे होतात. अशा फाइलींच्या माथ्यावर मूळ कुठले, आवृत्ती कोणती आणि आपण त्यात काय बदलले हे दोन-तीन ओळींत लिहावे, आणि फॉरमॅटर व लिंटर या दोघांच्याही वगळण्याच्या यादीत त्यांचे फोल्डर घालावे.